रपट्याच्या अलीकडचा केक

साकोलीच्या एस.टी. स्टँडसमोर केवळरामची बेकरी होती. बेकरी लहान आणि आतली पाटी मोठी. 'ऑर्डरचा इसार कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही.' अक्षरं त्यानं स्वतः लाल रंगानं काढली होती आणि 'कोणत्याही' या शब्दाखाली दोन जाड रेघा ओढल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं पोराच्या वाढदिवसासाठी चार किलोचा केक सांगितला, केक तयार झाल्यावर 'पोरगा मामाकडे गेला' म्हणून ऑर्डर मोडली आणि गोड बोलून इसारही परत नेला. तो केक केवळराम, त्याची बायको निर्मलाबाई आणि शेजारचा पानठेलेवाला यांनी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ खाल्ला. सहाव्या दिवशी पाटी लागली.

"महिन्यातून एक केक खपते तुमचा," निर्मलाबाई म्हणायची, "अन पाटी अशी लावली, जशा दिल्लीहून ऑर्डरी येऊन राहिल्या."

"नियम म्हणजे नियम," केवळराम म्हणायचा आणि पावाचे पत्रे भट्टीत ढकलायचा.

पाव, टोस्ट, खारी, नानकटाई यांवर घर चालत होतं. पण केवळरामचा जीव होता केकात. पाच वर्षं नागपूरच्या एका बेकरीत राबून तो क्रीमचे गुलाब काढायला शिकला होता, आणि साकोलीत गुलाब काढायची संधीच कोणी देत नव्हतं. माणसाच्या हातात कला असावी आणि गिऱ्हाइकानं दोन रुपयांचे टोस्ट मागावेत, याचं त्याला मनापासून वाईट वाटे.

एक्याऐंशी सालच्या ऑगस्टात एका सकाळी एक बाई दुकानात आली, डोक्यावरची टोपली उतरवली, आणि पळसाच्या पानात गुंडाळलेला हातभर लांब मासा तिनं थेट टोस्टच्या बरणीशेजारी ठेवला.

"हे काय होय बाई?" केवळराम दोन पावलं मागे सरकला.

"रोहू."

"ते दिसते मले. बेकरीत कायले आणली?"

"असा केक पाहिजे," बाई म्हणाली. "खवले दिसले पाहिजे. अन शेपटी अशी वळवा, जित्या माशावानी."

ही रेवताबाई. एकोडीच्या पुढे नाला ओलांडला की तलावाच्या काठावर ढिवरांची टोली, मासेमारांची वस्ती, आहे, तिथली. नवरा नव्हता, भाऊ नत्थू आणि ती मिळून जाळी टाकत, आणि मासे विकून तिनं लेक शिकवली होती. रुखमिणी टोलीतली पहिली मॅट्रिक. तिचा नागपूरला नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. शुक्रवारी अकराच्या आत तिथं हजर व्हायचं होतं, म्हणून गुरुवारी संध्याकाळी सगळ्या टोलीचं जेवण ठेवलं होतं.

"भंडाऱ्याले एका दुकानात तिनं केक पाहिला होता," रेवताबाई सांगू लागली. "म्हणे, आई, मी नोकरीवर लागली का तुले आणीन. म्या म्हटलं, तवाचं तवा. आधी मीच आणतो. तिले सांगतलं नाही अजून."

केवळरामनं दोन किलोचे साठ रुपये सांगितले, निम्मा इसार. बाईनं कमरेची पिशवी सोडली. तेवढ्यात तिची नजर पाटीवर गेली. "ते काय लिवलं हाय? मले वाचता नाही येत."

केवळरामनं घसा साफ केला आणि वाचून दाखवलं. इथं गिऱ्हाईक बिचकतं, हा त्याचा अनुभव. पण रेवताबाईचा चेहरा खुलला.

"अगदी बरोबर! इसार परत घेते तो माणूसच खोटा."

मग तिनं टोलीची रीत सांगितली. कोणी लग्नासाठी मासळीचा इसार दिला आणि त्या दिवशी जाळं रिकामं आलं, तर इसार परत करत नाहीत. तो पुढच्या जाळ्यावर उभा राहतो. परत करणं म्हणजे शब्द मोडणं. त्यानंतर ती दोन घरं एकमेकांशी व्यवहार करत नाहीत. तीन वर्षांत पाटीचं मर्म समजलेलं हे पहिलं माणूस! केवळराम एवढा हरखला की ज्या गोष्टीचा त्यानं आयुष्यात विचार केला नव्हता ती बोलून गेला.

"बाई, तुमी येऊच नका न्याले. मी सोता आणून देतो. घरपोच."

गुरुवारी दुपारी केक तयार झाला तेव्हा निर्मलाबाईनंही हातातली परात खाली ठेवली. गुलाबी रोहू. एकेक खवला चमच्याच्या टोकानं उचललेला, शेपटी वळलेली, डोळ्याच्या जागी चांदीचा मणी, आणि पोटावर पांढऱ्या क्रीमनं 'रुखमिणी'. हा केक नव्हे, पाच वर्षांची शिकवणी होती.

"लय साजरा झाला," ती म्हणाली. मग दारातून वर पाहिलं. "पण काल रातभर पाणी पडून राहिलं. रपट्यावरून जाता येईन का?"

"आता ऊन पडलं ना? तू उगाच भिववू नको," असं म्हणून केवळराम खोकं छातीशी धरून दोनच्या गाडीत चढला.

कंडक्टर ताराचंदनं खोक्याकडे पाहिलं. "हे वर टपावर टाका."

"टपावर? यात रोहू हाय."

"मंग तं टपावरच टाका!"

हा वाद खोकं मांडीवर ठेवून मिटला. शेजारी एक सडपातळ मुलगी बसली होती, दोन वेण्या, मांडीवर कापडी थैली. तिनं हळूच नाक फुगवलं.

"काका, यात मासा नाही."

"काहून?"

"माशाले असा वास नाही येत. मले वास समजते."

केवळरामला ही पोरगी आवडली. पण ऑर्डरची गोष्ट परक्याला सांगायची नाही, हाही त्याचा नियम होता, म्हणून त्यानं नुसतं हसून खोक्यावर हात ठेवला.

एकोडी मागे पडली आणि अर्ध्या कोसावर गाडी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पुढे नाल्यावरचा रपटा, ठेंगणा फरशीपूल, असायला हवा होता, तिथं लालसर पाणी धावत होतं. वरचा तलाव रात्री भरून सांडला होता. कडेचे दगड दिसत नव्हते; फक्त पाणी जिथं उसळत होतं तिथं रपटा असावा, एवढा अंदाज.

सगळे खाली उतरले. एकोडीचे भय्याजी, धानाचे शेतकरी, टोलीपलीकडच्या बांधीवर, आपल्या धानाच्या शेतावर, निघाले होते. त्यांनी पाण्यात काठी टेकवली आणि काढून घेतली. "आज नाही उतरत. उद्याही नाही. शनवारी पाहा."

पलीकडच्या काठावर माणसं जमली होती. टोलीच होती सगळी, बायाबापड्यांसकट. गाडीची वाट पाहत आली असावीत. त्यातून एक दांडगा माणूस पुढे आला आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडला. हा नत्थू. तलावाच्या या काठावरून त्या काठाला हाका मारून त्याचा आवाज असा तयार झाला होता की पाण्याचा घोंगाटही त्यापुढे मवाळ वाटला.

"रुखमिणेऽऽ!"

"मामाऽऽ!" केवळरामच्या शेजारची मुलगी ओरडली.

केवळरामनं मुलीकडे पाहिलं, मग खोक्याकडे. "तू रुखमिणी?"

"हो. काहून?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. नत्थूनं दुसरी हाक दिली, "बेकरीवाले भाऊऽऽ! केक आणला काऽऽ?" आणि पलीकडे रेवताबाईनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की इकडची माणसंसुद्धा हसली. इतके दिवस जपलेलं गुपित भावानं एका हाकेत पाण्यात घातलं होतं.

रुखमिणीचे डोळे मोठे झाले. "माह्यासाठी?" पण दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. ती भंडाऱ्याहून तब्येतीचा दाखला घेऊन येत होती. कागद सगळे थैलीत होते. कपड्यांची पेटी आणि नागपूरचे पैसे मात्र घरी, पाण्यापलीकडे. थैलीत उरला होता सव्वा रुपया.

"डोंगा आणू काऽऽ?" नत्थू ओरडला.

"येडा झाला काय! या धारेत डोंगा टाकशीन तं लाखांदूरलेच निघशीन!" भय्याजी इकडून खेकसले, पण त्यांचा आवाज मध्येच बुडाला. मग कंडक्टर ताराचंद पुढे आला. बावीस वर्षं गावांची नावं पुकारून कमावलेला गळा होता त्याचा. त्यानं तेच वाक्य मोकळ्या आवाजात पलीकडे पोचवलं आणि त्या क्षणापासून अलीकडच्या काठाचा तो वकील झाला.

रुखमिणीनं थैलीतला सरकारी कागद काढून पुन्हा वाचला, जणू तिनं वाचल्यावर मजकूर बदलणार होता. "अकरापर्यंत नाही पोचली तं यादीतल्या दुसरीले घेतात," ती खालच्या आवाजात म्हणाली. "लिवलंच हाय."

केवळराम सोडून गाडीत अकरा प्रवासी होते आणि अकराही जण आता त्याच्याकडे पाहू लागले.

"इसार किती घेतला होता भाऊ?" भय्याजींनी विचारलं.

"तीस."

"मंग देऊन टाका पोरीले. केक तं पोचला नाही."

"असं कसं? दुकानात पाटी हाय. इसार कोणत्याही..." केवळरामच्या तोंडून सवयीनं निघालं आणि अर्ध्यात थांबलं. तो शब्द त्यालाच ऐकवेना. पाटी रंगवताना त्याच्या डोळ्यांपुढे तो गोडबोल्या ठेकेदार होता. दोन वेण्यांची पोरगी सरकारी कागद घेऊन नाल्याकाठी उभी राहील, हे कारण त्यानं धरलंच नव्हतं. बरं, घरपोच कबूल केलं होतं ते त्यानंच, आणि घर तर समोर दिसत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं खोकं भय्याजींच्या हाती दिलं, आतल्या खिशातून दहाच्या तीन नोटा काढल्या आणि मुलीपुढे धरल्या. "घे. तुह्या आईचा इसार. परत."

"इसार परत देऊन राहिलेऽऽ!" ताराचंदनं निकाल जाहीर केला.

पलीकडे रेवताबाई एकदम ताठ झाली. ती स्वतःच ओरडली, पण ते पोचलं नाही. मग नत्थूच्या गळ्यातून आलं, "परत नाही घेऽऽत! म्हणते, आमी खोटे नाही होऽऽ!"

"अरे, पण पोरीच्या भाड्याले हाय!" केवळराम स्वतःच बोंबलला.

रुखमिणीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "आई नाही म्हणते काका. परत घेतला तं शब्द मोडते. मंग टोलीतलं कोणी तुमच्या दुकानाची पायरी नाही चढणार."

"नका चढू! पण तू नागपूरले जा ना!"

"आईचा शब्द मोडून नाही जात मी," ती म्हणाली. हात पाठीमागेच राहिले.

आता केवळराम खरोखर तापला. तीन वर्षं माणसं त्याच्याकडे इसार परत मागत होती आणि तो देत नव्हता. आज तो हात लांब करून उभा होता आणि घ्यायला कोणी तयार नव्हतं. निर्मलाबाई इथं असती तर पोट धरून हसली असती.

पलीकडून नत्थूचा आवाज पुन्हा आला. "ताई म्हणते, केक तिकडंच काऽऽपा! पाण्यानं अडवला माल काठावरच्याईचाऽऽ! पोरीले खाऊ घाला, सगळ्याईले वाऽऽटा! आमी पाह्यतो इथूऽऽन!"

ताराचंदनं तिकिटांची पेटी काढून ठेवली. केवळरामनं खोक्याची दोरी सोडली, झाकण काढलं आणि पुठ्ठ्यासकट केक वर उचलून पलीकडे दिसेल असा थोडा तिरपा केला. "घसरन, घसरन!" म्हणत भय्याजींनी खालून दोन्ही हात लावले. उन्हात तो गुलाबी रोहू चकाकला, चांदीचा डोळा लुकलुकला. पलीकडच्या काठावर टोलीनं एकदम असा गलका केला की झाडावरचे बगळे उडाले. केवळरामला वाटलं, नागपूरची पाच वर्षं आज वसूल झाली.

रुखमिणीनं केक कापला. पहिला तुकडा हातात घेऊन ती थबकली, काठाच्या अगदी टोकाशी गेली, आईकडे पाहून तो कपाळाला लावला आणि खाल्ला. पलीकडे रेवताबाईनं रिकामा हात तोंडाशी नेला आणि मान हलवली, गोड आहे म्हणून. इकडे ड्रायव्हर उगाच चाकाकडे पाहत राहिला.

मग वाटण झाली. ताराचंद शेपटीसाठी अडून बसला आणि ती मिळवली. "बाकीचे तीस रुपये पाणी उतरल्यावर आणतोऽऽ!" नत्थूमार्फत रेवताबाईनं कळवलं, आणि "राहू द्या" म्हणायला उघडलेलं तोंड केवळरामनं निमूट मिटलं. या बाईपुढे पैशाचं औदार्य दाखवणं धोक्याचं होतं, एवढं तो शिकला होता.

पण नोटा अजून त्याच्या मुठीतच होत्या आणि ड्रायव्हर गाडी वळवायला चढला होता. साकोलीहून पहाटे पाचला नागपूरची गाडी. रात्री झोपायला केवळरामचं घर होतं, बदलायला निर्मलाबाईचं लुगडं होतं, डब्याला पोळ्या झाल्या असत्या. भाडंच तेवढं नव्हतं, आणि ही मायलेकींची जोडी ते फुकट घेणार नाही, उसनं घेणार नाही, परत तर मुळीच घेणार नाही. केवळराम नोटांकडे पाहत राहिला. मनगटावर भट्टीच्या चटक्यांचे जुने-नवे डाग होते, त्यांवर त्याची नजर गेली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"पोरी, इकडे ये. मले एक ऑर्डर देयाची हाय तुले."

"मले?"

"हे पाह्य मनगट. भट्टी दर महिन्याले चावते. दवाखान्यातला कंपाउंडर पट्टी अशी बांधते का घरी येईपर्यंत सुटते. तू दोन वर्षांनं नर्स होशीन. तवापासून माह्या हाताची पट्टी तू करायची, जनमभर. हा त्या कामाचा इसार. तीस रुपये."

गाडीत चढलेली माणसं पुन्हा खाली उतरली. रुखमिणी त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"अन नोकरी दूर लागली तं? गडचिरोलीकडे?"

"मी हात घेऊन येईन तिथं."

"अन मी नापासच झाली तं?"

"तं तू खोटी. तुह्या आईले जाऊन सांग मंग," केवळराम म्हणाला. "इसार घेणं म्हणजे काय, ते तुमच्या टोलीले म्या सांगावं का?"

ताराचंदनं दोन पावलं पुढे जाऊन, छाती भरून, हा नवा व्यवहार शब्दन् शब्द पलीकडे पोचवला. तिकडे रेवताबाई नत्थूशी बोलताना दिसली, मग म्हाताऱ्या बायांशी. बराच वेळ गेला. एवढी धाकधूक केवळरामला पहिला केक भट्टीतून काढतानाही झाली नव्हती. आईनं 'नाही' म्हटलं तर ही पोरगी आपल्या डोळ्यांदेखत जागा घालवेल, आणि आपण नोटा मुठीत धरून पाहत राहू.

अखेर नत्थूनं तोंडाशी हात नेले. "ताई म्हणते, इसार घेतला का काम पुरं करा लागतेऽऽ! मधात सोडून घरी नाही येयाचंऽऽ! पोरीले विचारा, करन काऽऽ?"

रुखमिणीनं पाठीमागचे हात पुढे आणले. डोळे पुसले, नोटा घेतल्या आणि ओढणीच्या टोकाला पक्की गाठ मारली. मग ती गाठ हातात उंच धरून, कुणाचाही गळा उसना न घेता, ती स्वतः ओरडली.

"करन, आईऽऽ!"

ते पलीकडे पोचलं. रेवताबाईनं दोन्ही हात वर केले, आणि लगेच 'जा, जा' म्हणून साकोलीच्या दिशेनं हलवू लागली, जणू पाचची गाडी आत्ताच सुटत होती. गाडी वळली. मुलगी मागच्या खिडकीशी जाऊन बसली, पण डोळे भरल्यामुळे तिला काही नीट दिसेना.

"काका, आई रडून राहिली का?"

केवळराम वाकून पाहू लागला. खोटं सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं.

"रडून राहिली," तो म्हणाला, "पण हात खाली नाही घेतले तिनं अजून."